इस्त्रीखालचा आवाज

माझ्या ताईच्या घरात दोन इस्त्र्या आहेत. एक कपड्यांची आणि एक तिची. कपड्यांची कुठे ठेवली आहे ते तिला कधीच आठवत नाही. तिची मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली असते. एकदा तिच्या नणंदेने माहेरपणाला आल्यावर ती चुकून काढली आणि भाऊजींच्या पांढऱ्या शर्टावर फिरवली. पाठीवर हा एवढा काळा डाग पडला. भाऊजींनी तो शर्ट टाकला नाही. "गर्दीत हरवलो तर ही मला मागून ओळखेल," म्हणायचे. तेव्हा ते म्हणायचे, कारण तेव्हा त्यांचा गळा शाबूत होता.

ताई रेडिओच्या कारखान्यात होती. लांबच लांब टेबलापाशी बायका ओळीने बसायच्या आणि प्रत्येकीपुढून बोर्ड सरकत जायचे. प्रत्येकीने आपले ठरलेले भाग त्यावर बसवायचे आणि डाग द्यायचे, म्हणजे सोल्डर करायचं. कारखाना बंद पडला तशा सगळ्या बायका घरी बसल्या. ताईही बसली, पण तिचे हात काही बसेनात. आधी तिने घरचा मिक्सर उघडला, मग शेजारच्यांचा, मग इमारतीच्या लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा दाखवणारी पेटी. ज्या वस्तूबद्दल कंपनी म्हणते "आता हा बोर्ड मिळत नाही, नवीनच घ्या", ती वस्तू हटकून ताईच्या स्वयंपाकघरात येऊन पडते. मिळत नाही ना, मग करू, असा तिचा हिशेब.

आणि तो बोर्ड करायला ती माझ्या दुकानात येते. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिच्या घरापासून चालत गेलं तर चप्पल गरम व्हायच्या आत पोचता येतं, आणि हीच माझी अडचण आहे.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आत काळी भुकटी असते, प्लॅस्टिकची. प्रिंटर ती कागदावर पाडतो आणि तापवून चिकटवतो. ताईने हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. जे एकदा वितळून चिकटलं, ते पुन्हा वितळेल आणि दुसरीकडे चिकटेल. म्हणून ती बोर्डाचं चित्र माझ्याकडे गुळगुळीत कागदावर छापून घेते. घरी जाऊन एका बाजूला तांब्याचा पातळ थर असलेली पट्टी घासून लखलखीत करते, तिच्यावर तो कागद पालथा घालते आणि वरून इस्त्री दाबून धरते. मग सगळं पाण्यात भिजत टाकायचं आणि अंगठ्याने चोळून कागद काढायचा. कागद जातो, काळ्या रेघा तांब्यावर राहतात. ती पट्टी फेरिक क्लोराईडच्या पिवळट पाण्यात हलवत बसलं की उघडं तांबं विरघळतं आणि रेघांखालचं तेवढं वाचतं. रेघा म्हणजे वाटा. वीज त्या वाटांनी जाणार.

ऐकायला सोपं वाटतं. पण गुळगुळीत कागद म्हणजे बाईसाहेबांना विकतचा चालत नाही. तिला मासिकाचं पान लागतं, तेही पातळ आणि जाहिरातीचं, कारण ते पाण्यात पटकन सुटतं. शेजारच्या ब्यूटीपार्लरमधून ती जुनी मासिकं उचलून आणते. दुकानात उभी राहून एकेक पान दोन बोटांत चोळून बघते, लोक कापड बघतात तसं. मग ते पान माझ्या प्रिंटरच्या पोटात जातं आणि माझा जीव टांगणीला लागतो. दोनदा अडकलंय. दोन्ही वेळा एका हसऱ्या बाईचा अर्धा चेहरा मी चिमट्याने ओढून काढला आहे.

"एक दिवस माझं दुकान बसवणार आहेस तू," मी म्हणते.

"छाप. आणि उलटं छापू नकोस," ती म्हणते.

हे ती दर वेळी सांगते. ती बोर्डाचं चित्र काढते ते भाग बसवायच्या बाजूने बघून. तांबं खालच्या बाजूला असतं. त्यामुळे चित्र जसंच्या तसं छापलं आणि पालथं घातलं की तांब्यावर बरोबर उमटतं. हे मला समजायला बराच वेळ लागला होता आणि तो ती अजून विसरलेली नाही.

आता भाऊजी. ते बसस्थानकावर घोषणा करायचे. स्थानक ताईच्या घरामागे, दोन गल्ल्या ओलांडून. खिडकी उघडी असली की भोंग्यातून त्यांचा आवाज घरात यायचा. ताईच्या सासूबाईंची नजर जाऊन बरीच वर्षं झाली, पण कान असे की पलीकडच्या घरात दूध उतू गेलं तरी यांना आधी कळावं. त्यांचा दिवस मुलाच्या आवाजावर चालायचा. अमुक गाडी लागली म्हणजे अंघोळ, तमुक गाडी सुटली म्हणजे जेवण. गाडीला उशीर झाला की जेवणालाही उशीर, आणि दोष ताईला.

मग भाऊजींना घशाचा आजार झाला आणि डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. आवाजाच्या जागी हातात एक यंत्र आलं, छोट्या टॉर्चएवढं. ते गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि नेहमीसारखे ओठ हलवायचे. यंत्र गुंईं करतं आणि त्या गुणगुणीचे शब्द होतात. भाऊजी ते आठवडाभरात शिकले. बोलण्याशिवाय त्यांना दुसरं व्यसनच नव्हतं. आम्हालाही सवय झाली. झाली नाही ती सासूबाईंना.

"भुंगा आला वाटतं," त्या म्हणायच्या.

"भुंगा नाही, मी आहे," भाऊजी गुणगुणत सांगायचे.

"कळलं. काय पाहिजे भुंग्याला?"

पण उत्तर द्यायच्या. रोज संध्याकाळी भुंगा वर्तमानपत्र वाचून दाखवायचा आणि त्या नावं ठेवत शेवटपर्यंत ऐकायच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातल्या त्या. ताई मला म्हणायची, "दोघांचं भांडण चालू आहे तोवर मला काळजी नाही."

मग एके दिवशी यंत्र बंद पडलं. आतल्या सेलमधून पाणी सुटलं होतं आणि त्याने बोर्डाच्या वाटा खाऊन टाकल्या होत्या. हिरवा गंज, मधली आठ पायांची आयसी, म्हणजे काळी चिप, तीही गेलेली. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. नवं यंत्र परदेशातून येणार, त्याला किती आठवडे लागतील ते नक्की सांगता येत नाही, असं उत्तर आलं.

आमच्यासारख्यांना भाऊजी मोबाइलवर लिहून दाखवायचे. पण सासूबाईंना काय दाखवणार? मुलाला बोलता येत नाही, आईला दिसत नाही. मधे एक टॉर्चएवढी वस्तू होती, ती गेली. मोबाइल लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून मीच शहाणपणा करून ते चालू करून दिलं. तर आतून बाईचा आवाज आला, "आई, जेवलीस का?" सासूबाई ताठ बसल्या. "ही कोण बाई घरात घेतलीस?" म्हणून ताईला विचारलं. पुरुषाचा आवाज लावून पाहिला, तर म्हणाल्या, हा कोण मेला मला आई म्हणतोय. मोबाइल त्या दिवसापासून बंद झाला.

भाऊजी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे, हात हातात घ्यायचे. त्या हात काढून घ्यायच्या. "हात धरून बसायला मी आजारी नाही. बोलायचं असेल तर बोल." रागाने नव्हे, मला वाटतं, भीतीने. कारण दिवसभर त्या मधूनच रिकाम्या खोलीला विचारायच्या, "आहेस का रे?" भाऊजी असले तर खाटेच्या लाकडावर बोटाने टकटक करायचे. नसले तर काहीच वाजायचं नाही. भांडायला येणारा भुंगा गेला आणि त्या एकदम म्हाताऱ्या झाल्या.

शेवटी त्यांनी लेकीला फोन लावायला सांगितला. "मला घेऊन जा. इथे भिंतींशी किती बोलू?"

लेक म्हणजे ताईची तीच इस्त्रीवाली नणंद. मनाने चांगली आहे, पण निर्णय झटपट घेते. रविवारी येते, कपडे भरून ठेवा, म्हणाली. भाऊजींनी मोबाइलवर लिहिलं ते ताईने मला दाखवलं. "आई एकदा गेली की परत येणार नाही. तिथे तिला माझा कोणताच आवाज नसेल." मला एरवी लगेच रडू येत नाही. त्या दिवशी गिऱ्हाइकाला चुकून जास्तीचे सुटे पैसे दिले मी.

ताई रडली नाही. तिने जुन्या बोर्डावरचे सगळे भाग काढले, गंज घासला, तुटलेल्या वाटा काळ्या पेनाने भरून काढल्या आणि तो बोर्ड घेऊन ती माझ्याकडे आली. या वेळी चित्र काढायचं नव्हतं. चित्र समोरच होतं. तिने बोर्ड तांब्याची बाजू खाली करून माझ्या मशीनच्या काचेवर ठेवला. "याचीच झेरॉक्स काढ."

साध्या कागदावर एक प्रत काढली. कंपनीचं नाव आणि बारीक आकडे त्यात दिसत होते. ते तिने व्हाइटनरने पुसले, कारण असली बारीक अक्षरं तांब्यावर पसरतात आणि दोन वाटा जोडून टाकतात. मग मासिकाचं पान निवडलं. पानावर एक घड्याळाची जाहिरात होती.

"उलटं छापू नकोस," ती सवयीने म्हणाली.

"माहीत आहे," मीही सवयीने म्हणाले.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी तिच्याकडे गेले. पट्टी फेरिकमधून निघाली होती, थिनरने पुसून झाली होती आणि वाटा अशा सुबक उठल्या होत्या की कंपनीने तोंडात बोटं घालावीत. ताईने हातड्रिलने भोकं पाडली. भाऊजी शेजारी बसून पट्टी धरत होते. बारीकसारीक भाग बसले. मग तिने नवी आयसी हातात घेतली, जुन्या बोर्डाकडे पाहिलं, नव्याकडे पाहिलं आणि थांबली. पुन्हा जुन्याकडे पाहिलं.

"उलटं झालं," ती म्हणाली.

"मी उलटं छापलं नव्हतं हं," मी आधीच हात झटकले.

"तेच तर. या वेळी छापायला हवं होतं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिची चित्रं नेहमी वरून काढलेली असतात. झेरॉक्स मात्र आम्ही खालून काढली होती, तांब्याकडून. ती पालथी घातल्यावर सगळं आरशातल्यासारखं उमटलं, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. कंपनीची अक्षरं ठेवली असती तर ती तांब्यावर उलटी दिसून ओरडली असती. तीही आमच्या शहाण्या बाईंनी पुसली होती.

तांब्याची पट्टी ती शेवटची होती. विकणारं दुकान सोमवारी उघडणार, आणि नणंद यायची उद्या सकाळी.

भाऊजींनी हातातली पट्टी खाली ठेवली. उठले आणि आईच्या खोलीत जाऊन बसले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आहेस का रे?" आणि मग टकटक. ताईने ते ऐकलं. तिने बोर्ड उचलला, उजेडात धरला, पालथा केला, उताणा केला. कारखान्यात असताना अशी एक चूक झाली की मुकादम ओरडायचा आणि बोर्ड टोपलीत जायचा. इथे टोपली नव्हती.

"दोन पायांच्या भागांना काही फरक पडत नाही," ती बोलायला लागली, मला नव्हे, बोर्डाला. "तीन पायांचा आहे तो फिरवून बसवला की झालं. नडते ती फक्त आयसी. तिला खालच्या बाजूने लावू. तांब्यावरच. खालून बघितलं तर तिचे पाय बरोबर येतात."

"असं चालतं?"

"वीज काय वर आणि खाली बघून चालते का?"

तिने आयसी पालथ्या बाजूला टेकवली, पाय जरा उंच ठेवले आणि एकेका पायाला डाग दिला. श्वास रोखून धरला होता तिने. मी तर खोकलासुद्धा गिळला.

पण सगळं इतक्यावर भागलं नाही. बोर्डाला एका कोपऱ्यात खाच होती, यंत्राच्या नळीत अडकायला. बोर्ड आरशातला, म्हणून खाचही दुसऱ्या बाजूला. तो उलटा करून घातला तरच बसत होता. तसा बसवला तर जे भाग आधी आतल्या बाजूला असायचे ते बाहेर, झाकणाकडे आले. त्यातला एक भाग उंच होता, निळा, डोक्यावर बारीक स्क्रू असलेला. त्यामुळे झाकण लागेना.

"हा कशाचा?"

"आवाज जाड की बारीक ते यावर ठरतं. कंपनी एकदा लावून आत बंद करून टाकते." तिने झाकण हातात घेतलं, त्या जागी पेन्सिलने खूण केली आणि ड्रिलने भोक पाडलं. झाकण लागलं. भोकातून स्क्रूचं डोकं डोकावत होतं. कंपनीच्या कुणी पाहिलं असतं तर हसला असता. ताईने सेल घातले, भाऊजींना बाहेर बोलावलं आणि बटण दाबलं. यंत्र गुंईं करायला लागलं. आधीपेक्षा बारीक, डासासारखं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "डास झालेत."

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघून हसलो. भाऊजींचं हसणं बिनआवाजी, पण खांदे जोरात हलत होते. मग त्यांनी लिहून दाखवलं, आता उद्या बहिणीसमोरच बोलेन.

सकाळी नणंद आली. सासूबाई जायचे कपडे करून खाटेवर बसल्या होत्या, पायाशी पिशवी. चेहरा असा की परीक्षेला निघाल्या आहेत. भाऊजींनी यंत्र गळ्याला लावलं.

"आई," ते म्हणाले. डासाच्या आवाजात.

सासूबाईंनी मान वळवली. "दुरुस्त झालं?"

"हो."

"हा आणखी कोण? आधीचा भुंगा बरा होता."

नणंद पिशवी उचलायला वाकली. ताईने तिला हातानेच थांबवलं, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि भाऊजींच्या गळ्याजवळ गेली. "बोलत राहा," त्यांना म्हणाली. "काहीही बोला." आणि भोकातून स्क्रू फिरवायला लागली.

भाऊजी बोलत राहिले. आई, चहा घेतलास का, आई, खिडकी लावू का, आई, मी बोलतोय. आवाज हळूहळू खाली उतरत गेला. डासाचा भुंगा झाला, भुंग्याचं काहीतरी वेगळंच झालं. ताईने हात थांबवला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"मला यांचा पूर्वीचा आवाज आठवत नाही," ती म्हणाली. सरळ सांगितलं, आणि मला तिचा चेहरा बघवेना. "इतकी वर्षं ऐकला, पण आता आठवायला गेलं की हे यंत्रच ऐकू येतं. आई, तुम्हाला आठवतो ना?"

सासूबाईंनी कान यंत्राकडे केला. मग म्हणाल्या, "अजून खाली घे."

ताईने घेतला.

"थोडा अजून. आता फार झालं, रेडा झाला. वर घे. जरासा. बोल रे तू, थांबू नकोस."

"बोलतोय, आई."

"थांब," त्या ताईला म्हणाल्या. "हात काढ. इथे."

ताईने हात काढला. कारखान्यात ठरवून लावलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर रंगाचा थेंब टाकतात. तिने नणंदेच्या पर्समधून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि भोकातल्या स्क्रूवर एक ठिपका ठेवला. तो वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर घालत राहिली.

"स्टँडवर बोलायचास तसं बोल," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी उभे राहिले. डाव्या हाताने यंत्र गळ्याला धरलं आणि उजवा हात माइक धरायचे तसा तोंडाजवळ नेला, तो मात्र नुसत्या सवयीने. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," ते म्हणाले. यंत्राचाच आवाज होता तो, गुणगुणणारा, एकसुरी. पण जाडी त्यांची होती. "लेकीच्या गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळून गाडीत बसून घ्यावं."

सासूबाईंनी पायाशी चाचपडून पिशवी शोधली, ती पायानेच खाटेखाली सरकवली आणि लेकीकडे तोंड केलं.

"ऐकलंस ना? तुझी गाडी लागली. नीघ आता, चुकेल."